काजळीची बखर: डिझेल ट्रकचा मॅनिफोल्ड उघडल्यावर

इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पेशवे दफ्तरातले रुमाल, ताम्रपट, बखरी, जुनी नाणी. आज जरा वेगळं साधन घेऊ. हे साधन लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि आतून काळंकुट्ट आहे. ते वाचायला मोडी लिपी यावी लागत नाही, फक्त हातमोजे लागतात.

अमेरिकेत ज्यांच्या घराशेजारी डिझेल पिकअप ट्रक असतो, त्यांनी हे दृश्य कधी ना कधी पाहिलेलं असेल. शनिवारची सकाळ, गॅरेजचं दार वर केलेलं, ट्रकचं बॉनेट उघडं. शेजारी इंजिनावर पोटावर आडवा पडल्यासारखा वाकलाय. तासा-दोन तासांनी तो एक धातूचा तुकडा बाहेर काढतो, उलटा करतो आणि आतलं दाखवतो. आत डांबरासारखा चिकट काळा थर असतो. जिथे हवेला मोकळी वाट हवी, तिथे निम्मी वाट बुजलेली असते. मग ठरलेलं वाक्य येतं: "ही सगळी सरकारची कृपा!"

तो तुकडा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. शेजाऱ्याचं वाक्य अगदी खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं काजळीतच लिहिलेलं आहे. आज आपण तेच वाचू.

आधी श्वासाबद्दल

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याची युक्ती साधी होती: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच भयंकर तापते. मग तिच्यात इंधन फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून डिझेल इंजिनाचं सगळं गणित हवेवर उभं आहे. हवा जास्त, तर इंधन जास्त जाळता येतं, आणि ताकदही जास्त मिळते.

चूल पेटवताना आजी फुंकणीने फुंकायची, लोहार भाता मारायचा. ट्रकमधला टर्बो हा तोच भाता आहे, फक्त तो फिरवतो इंजिनाचाच धूर. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा आत ढकलतं. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलरमध्ये थंड करतात. मग ती येते इनटेक मॅनिफोल्डमध्ये. पाटाचं पाणी जसं बांध फोडून एकेका वाफ्यात सोडतात, तशी एका वाटेने आलेली हवा इथून एकेका सिलिंडरला वाटली जाते.

आता हा भाग काढायचा म्हणजे काय करायचं? अमेरिकन पिकअपमध्ये सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो कमिन्सच्या सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनाचा, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या केबल सोडायच्या. डिझेल पिकअपला बहुधा दोन बॅटऱ्या असतात. मग इंजिनाचा वरचा भाग चांगला पुसून घ्यायचा, कारण एकदा झाकण उघडलं की वरची माती थेट आत पडते. इंटरकूलरकडून येणारा जाड पाइप, सेन्सर आणि त्यांच्या वायरी सुटतात. या इंजिनात थंडीत सुरू होण्यासाठी हवा तापवणारी विजेची जाळी असते, तीही निघते. नव्या मॉडेलमध्ये धूर परत आणणारी नळी आणि हवेची झडप, हेही सोडावं लागतं. मॅनिफोल्डचा खालचा भाग या इंजिनात हेडबरोबरच ओतलेला असतो. आपण काढतो ते त्याचं वरचं झाकण.

पण झाकणाच्या आड इंधनाच्या बारीक पोलादी नळ्या येतात. २००३ नंतरच्या इंजिनांत या नळ्यांमधला दाब दीड हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनात तिथली गळती बोटाने चाचपायची नसते, कारण तेवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. सोडलेल्या नळ्यांची तोंडं टोप्या घालून बंद करायची, कारण धुळीचा एक कण इंजेक्टर खराब करायला पुरतो. आणि झाकण निघताक्षणी उघड्या भोकांवर स्वच्छ फडकं टाकायचं. आत पडलेला एक नट पुढे सिलिंडरमध्ये जाऊन अख्खं इंजिन बाद करू शकतो.

व्ही आकाराच्या इंजिनांत हे काम आणखी किचकट असतं. फोर्डच्या पिकअपमधलं २००३ ते २००७ चं ६ लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन घ्या. त्यात ऑइल कूलर दोन बाजूंच्या मधल्या घळीत असतो आणि धूर थंड करणारा कूलर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्या कूलरची नळी फुटली की कूलंट हवेच्या वाटेत येतं आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. दुरुस्तीसाठी आधी टर्बो आणि मग मॅनिफोल्ड बाहेर काढावा लागतो. हे इंजिन इंटरनॅशनल, म्हणजे नेव्हिस्टार कंपनी फोर्डला बनवून द्यायची. वॉरंटीच्या खर्चावरून या दोन कंपन्यांमधला वाद २००७ मध्ये कोर्टात गेला. एका कूलरने केवढा इतिहास घडवला, बघा.

आता मूळ प्रश्न. हवेच्या वाटेत धूर आलाच कसा?

कोलंबस, इंडियाना

इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या अर्विन या बँकर घराण्याकडे क्लेसी कमिन्स नावाचा तरुण ड्रायव्हर-मेकॅनिक होता. शाळा फार न शिकलेला, पण हातात कसब असलेला. अर्विन यांच्या पैशावर १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी निघाली. बरीच वर्षं नफ्याचं नाव नव्हतं. डिझेल म्हणजे जहाजं, पंप, वीजघरं यांचं अवजड यंत्र, अशीच लोकांची समजूत होती.

१९२९ च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवलं आणि मालकांना फिरवून आणलं. नंतर त्याच गाडीने तो न्यूयॉर्कला गेला. सुमारे ८०० मैलांच्या प्रवासाला दीड डॉलरहूनही कमी इंधन लागलं. मंदीच्या काळात ही बातमी होतीच. १९३१ मध्ये त्याने इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत डिझेल गाडी उतरवली. ती जिंकली नाही, तेरावी आली, पण अख्खी शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली. बाकीचे इंधनासाठी थांबत होते, ही चालतच राहिली.

आपल्या विषयाशी जास्त जवळची आहे ती १९५२ ची शर्यत. त्या वर्षी कमिन्सने टर्बो लावलेली डिझेल गाडी आणली. फ्रेड अगाबाशियन या ड्रायव्हरने ताशी १३८ मैलांच्या सरासरीने पात्रता फेरी मारून सगळ्यात पुढची जागा पटकावली. डिझेल गाडी पहिल्या नंबरवरून सुटणार! शर्यत सुरू झाली, आणि ७१ व्या फेरीनंतर गाडी बाहेर पडली. टर्बोला हवा पुरवणारं तोंड खाली होतं. ट्रॅकवर टायरच्या रबराचा जो चुरा उडत होता, तो त्यात जाऊन बसला. गाडीचा श्वास कोंडला. त्या काळातलं सगळ्यात प्रगत इंजिन हरलं ते कचऱ्यामुळे.

या गोष्टीत धडा आहे: डिझेलची ताकद वाढवायची तर श्वास मोकळा हवा. अमेरिकन पिकअपवाले आजही हेच वाक्य बोलतात, आणि ते बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की इंजिन श्वास सोडतं तेव्हा तो कुणाच्या नाकात जातो?

मधेच कोथरूड

पुढे जाण्याआधी एक फेरी पुण्याला. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा मुलगा शंतनुराव १९२० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला आला होता. आज तुमच्यापैकी कितीतरी जण जो रस्ता धरतात, तो त्याने शंभर वर्षांपूर्वी बोटीने धरला. परत जाऊन त्याने घरचा उद्योग वाढवला. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि तिची डिझेल इंजिनं शेतातल्या विहिरींवर दिसू लागली. १९६२ मध्ये इंडियानाची कमिन्स आणि किर्लोस्कर एकत्र आले आणि कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. पुढे तिचं नाव कमिन्स इंडिया झालं. पुण्यातलं मुलींचं कमिन्स कॉलेज, म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं १९९१ पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय, तेही याच नावाचं. तुमच्यापैकी एखाद्याची आई तिथली असेल. म्हणजे शेजाऱ्याच्या ट्रकवरचं ते नाव आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

स्वच्छ मॅनिफोल्डचा काळ

१९८९ मध्ये डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसवलं. ताकद १६० अश्वशक्ती. आजच्या मानाने मामुलीच. पण टॉर्क, म्हणजे ओढायची शक्ती, दांडगी होती. घोड्यांचे ट्रेलर, गवताच्या गासड्या, बांधकामाचं सामान ओढणाऱ्या लोकांना ते इंजिन फार आवडलं. त्यात कॉम्प्युटर नव्हता, इंधनपंप यांत्रिक होता. लाखो मैल चाललेल्या अशा ट्रकचा मॅनिफोल्ड उघडला तर आत फार तर तेलाचा पातळ थर दिसतो. हवा आत, धूर बाहेर, दोघांची गाठ पडत नाही.

जुने मेकॅनिक या इंजिनाबद्दल बोलतात तेव्हा आपले आजोबा जुन्या एचएमटी घड्याळाबद्दल बोलायचे तशी माया असते. ती समजण्यासारखी आहे. मात्र त्या इंजिनाच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला काय दिसत होतं, तेही आठवायला हवं: काळा धूर. स्वच्छ होता तो फक्त ट्रकचा आतला भाग.

अननसापासून कायद्यापर्यंत

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर एक विचित्र तपकिरी धुकं उतरायला लागलं. लोकांचे डोळे चुरचुरायचे. कॅलटेकमध्ये एरी हागेन-स्मिट नावाचा डच रसायनतज्ज्ञ अननसाच्या वासावर संशोधन करत होता. त्याने आपली उपकरणं शहराच्या हवेकडे वळवली. १९५० च्या सुमारास त्याने दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेलं इंधन यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. आकाशात वर ओझोन आपलं रक्षण करतो. जमिनीलगत तोच फुप्फुसं जाळतो.

हे नायट्रोजन ऑक्साइड, ज्यांना गॅरेजमध्ये नुसतं 'नॉक्स' म्हणतात, इंधनातून येत नाहीत. हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. इंजिनातली आग फार तापली की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. म्हणजे इंजिन जितकं गरम आणि कार्यक्षम, तितका नॉक्स जास्त. डिझेलचं हेच दुखणं आहे.

१९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ईपीए ही पर्यावरण संस्था सुरू झाली. आधी लक्ष मोटारींवर होतं. मोठ्या डिझेल इंजिनांवरच्या मर्यादा हळूहळू कडक होत गेल्या, आणि १९९० च्या दशकात इंजिनांमध्ये कॉम्प्युटर आले. इथून गोष्ट वळण घेते.

२२ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकन सरकारने एक तडजोड जाहीर केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नेव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्व्हो, अशा सात कंपन्या तिच्यात होत्या. सरकारचा आरोप असा, की सुमारे १३ लाख इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये एक खुबी ठेवलेली होती. प्रयोगशाळेतल्या चाचणीत इंजिन नियमात राही. हायवेवर एका वेगाने बराच वेळ चालायला लागलं की कॉम्प्युटर इंधन फवारायची वेळ बदली. डिझेल वाचे, आणि नॉक्स मर्यादेच्या तिपटीपर्यंत जाई. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर झाला. पण आपल्या काजळीच्या दृष्टीने महत्त्वाची अट दुसरीच होती: २००४ साठी ठरलेली नॉक्सची मर्यादा कंपन्यांनी ऑक्टोबर २००२ मध्येच गाठायची.

मुदत जवळ आली. हाताशी असलेल्या उपायांपैकी बहुतेकांनी एकच निवडला: थंड केलेला धूर परत इंजिनात घालणं. याला ईजीआर म्हणतात. चुलीच्या उदाहरणाने बघा. चुलीला मोकळी हवा दिली की आच भडकते, धूर कोंडला की आच मंदावते. इंजिनातही तसंच होतं. बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा भाग कूलरमधून थंड करून ताज्या हवेत मिसळला की आग तितकी तापत नाही, आणि नॉक्स कमी होतो.

पण धूर तो धूरच. त्यात काजळी असते. इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफही त्याच वाटेने येते. थंड मॅनिफोल्डच्या भिंतीवर काजळी आणि तेल एकत्र येतात आणि थरावर थर चढत जातो. तव्यावर वर्षानुवर्षं जसा राप चढतो, तसाच. त्यात पुन्हा आच मंदावल्याने इंधन पूर्ण जळत नाही, म्हणून काजळी वाढते. नॉक्स दाबला की काजळी वर, काजळी दाबली की नॉक्स वर. सी-सॉवर बसलेल्या दोन पोरांसारखं हे चालतं.

तर शेजाऱ्याच्या वाक्याचं उरलेलं अर्धं हे आहे. हवेच्या वाटेत धूर आला तो कायद्यामुळे, हे खरं. पण तो इतक्या घाईने आला तो आधीच्या लबाडीमुळे. मोठ्या ट्रकना २००२ मध्ये ईजीआर आलं, फोर्डच्या पिकअपला त्या ६ लिटरच्या इंजिनाबरोबर २००३ मध्ये, आणि डॉजच्या पिकअपला २००७ मध्ये, ६.७ लिटरच्या नव्या कमिन्सबरोबर.

गाळणी, युरिया आणि 'डिलीट'

सी-सॉवरचं दुसरं पोर आवरायला आणखी उपाय आले. २००६ मध्ये डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दशलक्षात ५०० भागांवरून १५ भागांवर आणलं गेलं, कारण गंधकाने पुढची यंत्रणा खराब होते. २००७ पासून धुराच्या वाटेत काजळी पकडणारी गाळणी आली, तिला डीपीएफ म्हणतात. २०१० च्या आसपास युरियाचं पाणी फवारून नॉक्सचा पुन्हा साधा नायट्रोजन करणारी यंत्रणा आली. पेट्रोल पंपांवर निळ्या झाकणाच्या टाकीत घालायला 'डीईएफ' मिळतं, ते हेच. याचा फायदा अगदी डोळ्यांना दिसतो. आज यंत्रणा ठीक असलेल्या डिझेल ट्रकच्या मागे काळा ढग नसतो. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला. तेव्हा हा ढग जाणं ही साधी गोष्ट नाही.

पण मालकाच्या बाजूने बघा. कूलर फुटतो, गाळणी भरते, झडप अडकते, डॅशबोर्डवर दिवे लागतात, आणि दुरुस्तीचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं. शेतकऱ्याचा किंवा लहान ठेकेदाराचा ट्रक आठवडाभर उभा राहिला तर त्याची मजुरी बुडते. हा राग खरा आहे. त्या रागावर एक बाजार उभा राहिला: ईजीआर काढा, गाळणी कापा, कॉम्प्युटरला खोटं सांगणारं प्रोग्रॅमिंग टाका. एका शब्दात 'डिलीट'. विकणारे त्याला अपग्रेड म्हणतात.

ईपीएच्या २०२० च्या अहवालात अंदाज दिला आहे, की आधीच्या दहा वर्षांत ५ लाख ५० हजारांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशी काढली गेली. त्या ट्रकांच्या उरलेल्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टन जादा नॉक्स हवेत जाईल, असंही त्यात म्हटलं आहे. रस्त्यावर नियमात चालणारे ९० लाख ट्रक आणखी वाढवले असते तर जो परिणाम झाला असता, तो एवढ्याने होतो.

कायदाही इथे हळूहळू पुढे सरकलेला दिसतो. यंत्रणेत छेडछाड करायची बंदी आधी फक्त उत्पादक आणि विक्रेत्यांवर होती, मग गॅरेजवाल्यांवर आली. १९९० च्या दुरुस्तीनंतर ती कुणाही व्यक्तीवर लागू झाली. 'फक्त रस्त्याबाहेर वापरासाठी' असं खोक्यावर छापल्याने काही सुटका होत नाही.

आता कुणी म्हणेल, लहान माणसालाच का धरता? तर डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द कमिन्सचं नाव पुन्हा आलं. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर होतं, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. स्वच्छ हवेच्या कायद्याखाली तोवरचा हा सगळ्यात मोठा दंड. १९९८ आणि २०२३ मध्ये पाव शतक गेलं, आणि आरोपाचा सांगाडा तोच राहिला: परीक्षेत एक, रस्त्यावर दुसरंच.

म्हणजे या गोष्टीत साधा सज्जन आणि साधा खलनायक नाही. कंपनीने वाचवलेला खर्च ट्रकमालकावर पडला. मालकाने 'डिलीट' करून तो झटकला, तेव्हा तो शाळेच्या बसच्या मागे उभ्या असलेल्या, हायवेला लागून राहणाऱ्या, दम्याचा पंप दप्तरात ठेवणाऱ्या पोरावर पडला. खर्च कुठे नाहीसा होत नाही. तो फक्त पुढच्याकडे सरकतो. मॅनिफोल्डमधली काजळी ही त्या खर्चाची उघड दिसणारी नोंद आहे. ट्रकमधून ती काढता येते, हिशेबातून काढता येत नाही.

मग खरं अपग्रेड कोणतं?

मॅनिफोल्ड काढून साफ करणं हे चांगलं आणि कायदेशीर काम आहे. सुटा केलेला भाग द्रावणात भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पूर्ण स्वच्छ करायचा. हातमोजे आणि मास्क घालायचा, कारण ही काजळी नाकात घ्यायची वस्तू नाही. काळं पाणी अंगणात किंवा गटारात ओतायचं नाही. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यायचं. हेडमधला न निघणारा भाग साफ करताना झडपांची भोकं नीट बुजवून, व्हॅक्युम लावून खरवडायचं. गॅस्केट दर वेळी नवीन. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळायचे. हवा तापवणाऱ्या जाळीच्या बोल्टकडे बारकाईने बघायचं. ६.७ लिटरच्या इंजिनवाल्यांमध्ये त्याची धास्ती आहे, कारण तो जळून तुटला तर थेट सिलिंडरकडे जातो. कूलर तपासायचा, सेन्सर पुसायचे, ईजीआरची झडप मोकळी करायची.

हवेची वाट जास्त मोकळी करणारे, जास्त चांगले ओतलेले मॅनिफोल्ड बाजारात मिळतात. ते घ्यायला हरकत नाही. फक्त मूळ यंत्रणेच्या सगळ्या जोडण्या त्यात असाव्यात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने भागाला मंजुरीचा क्रमांक दिला आहे का, ते बघणं हा सोपा निकष आहे. आणि पुढची काजळी कमी व्हावी म्हणून ट्रक तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवायचा नाही. अधूनमधून त्याला भरपूर ओझं ओढू द्यायचं. काम करणारं इंजिन कमी कुंथतं.

दुरुस्तीचा हक्क आणि श्वासाचा हक्क यांचं भांडण आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण साफ केलेला मॅनिफोल्ड दोन्ही हक्क राखतो. ट्रक पुन्हा ओढायला लागतो आणि मागच्याला धूर खावा लागत नाही. तेव्हा कंपन्यांकडे मागायचं असेल तर हे मागावं: उघडायला सोपी, साफ करायला सोपी यंत्रणा द्या, आणि सांगाल तशीच ती रस्त्यावर चालू द्या.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. मधली एक पायरी गाळून देश चौथ्यावरून थेट सहाव्या टप्प्यावर गेला. तिकडच्या ट्रकांतही आता गाळण्या आणि युरियाच्या टाक्या आहेत, आणि पुण्या-नगरच्या गॅरेजांतही काढून टाकायच्या युक्त्या शोधणारे हात असणारच. इंजिनं बनवणारी कंपनी कोथरूडमध्ये आली १९६२ ला, आणि गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था सुरू झाली १९६६ ला, तीही कोथरूडमध्येच, वेताळ टेकडीवर. बनवणारा आणि तपासणारा एकाच उपनगरात. दोघांनी आपापलं काम चोख केलं तर खालच्या पौड रोडवर स्कूटरवरून जाणाऱ्याला मोकळा श्वास घेता येईल.

तेव्हा पुढच्या वेळी शेजारी तो काळा तुकडा दाखवून "सरकारची कृपा" म्हणाला, तर वाद घालू नका. हातमोजे चढवा, पाना हातात घ्या, त्याला खरवडायला मदत करा. काम करता करता त्याला १९९८ ची गोष्ट सांगा. नवं गॅस्केट बसवून झाकण लावायच्या आत ती सांगून होते.